मधमाश्यांची साक्ष

अख्खं वेथरकोम गाव त्या दिवशी थ्रपांच्या सफरचंदाच्या बागेत लोटलं होतं. कुंपणावर पोरं, पोरांच्या मागे बाया, बायांच्या मागे शेतातली कामं टाकून आलेले पुरुष, आणि सगळ्यांच्या पुढे किराणा दुकानवाली डिबलबाई. तिनं बसायला घरून खुर्ची आणली होती. समोर ओळीनं मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक पेटीला काळी फीत बांधलेली होती, आणि मधल्या पेटीला कान लावून प्रोफेसर लायसँडर क्विल गुडघ्यांवर बसले होते.

"शू," प्रोफेसर म्हणाले. "राणी बोलतेय."

"कोणती राणी?" मागून कुणीतरी विचारलं. आमच्या देशाची राणी वारून वर्ष उलटलं होतं.

"माश्यांची रे," डिबलबाईनं त्याला गप्प केलं.

"माश्यांची भाषा जाणणारे या पृथ्वीतलावर तिघेच होऊन गेले," प्रोफेसर डोळे मिटून सांगू लागले. "एक बाबिलोनचा महापुजारी, दुसरा इजिप्तचा राजा, आणि तिसरा मी. मी नाव घेईन. माणूस निर्दोष असेल तर माश्या गप्प राहतील. खुनी असेल तर त्या बोलतील."

"पहिल्या दोघांकडे चौकशी करायची सोय नाही, हे बरंय," मी पुटपुटले.

"बाई, हळू," शेजारी उभा असलेला हवालदार पोकॉक म्हणाला. "लोक ऐकताहेत."

मी या गावच्या शाळेत मास्तरीण आहे. नाव ड्रुसिला ट्रेमलेट, पण इथं मला नुसतं 'बाई' म्हणतात. गावात संशयास्पद मरण झालं की लोक आधी हवालदाराकडे जातात, मग पाद्रीबाबांकडे, मग दारू प्यायला, आणि सगळ्यांचे उपाय थकले की माझ्याकडे. मी याआधी दोनदा खुनी शोधून दिलेत. दोन्ही वेळा गावानं माझ्याशी महिनाभर अबोला धरला, कारण दोन्ही वेळा खुनी सगळ्यांचा आवडता निघाला. त्यामुळे ओबडाया थ्रप मेले हे कळलं तेव्हा मला दुःख झालं, आणि त्याबरोबर मनात आलं की आता पुन्हा सगळं आलं. माझे गुडघे दुखतात. मला पुस्तक घेऊन खिडकीत बसायला आवडतं.

आमच्याकडे घरधनी गेला की ती बातमी त्याच्या माश्यांना सांगावी लागते. घराच्या पुढच्या दाराची किल्ली घ्यायची, पेटीवर तीनदा वाजवायची, "धनी गेले, आता मी तुमचा धनी" असं हळू आवाजात सांगायचं आणि काळी फीत बांधायची. एखादी पेटी राहिली तर तिच्यातल्या माश्या मरतात, आणि वर्षाच्या आत घरातलं आणखी एक माणूस जातं. असं माझी आजी सांगायची, तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं. कुणी कधी पडताळून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर थ्रप शनिवारी दुपारी मार्लटनच्या बाजाराला म्हणून निघाले. सोमवारी येणार होते. रविवारी सकाळी चर्चला जाताना लोकांनी पाहिलं तर पेट्यांवर काळ्या फिती. कुणीतरी टवाळी केली असेल म्हणून लोक हसले आणि पुढे गेले. दुपारी हरवलेलं मेंढरू शोधायला माणसं जुन्या चुनाभट्टीत उतरली, तिथं त्यांना थ्रप सापडले. डोक्यात मागून दगड घातलेला होता. म्हणजे जे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं ते माश्यांना आधीच कळलं होतं, आणि त्यांनी आपलं आपण सुतक धरलं होतं. ही गोष्ट शेजारची गावं फिरून संध्याकाळी आमच्याकडे परत आली तेव्हा तिच्यात माश्यांच्या रडण्याचा आवाजही आला होता.

थ्रपांचा पुतण्या रूबेन मग मार्लटनला जाऊन या प्रोफेसरांना घेऊन आला. ते तिथल्या सभागृहात रोज रात्री मेलेल्यांशी गप्पा मारून दाखवायचे.

"पाद्रीबाबा," प्रोफेसरांनी पहिलं नाव घेतलं. उजवा तळहात पेटीच्या दारावर अलगद ठेवला. माश्या नेहमीसारख्या गुणगुणत राहिल्या. पाद्रीबाबांनी उगाचच घाम पुसला.

"रूबेन थ्रप." तेच.

"सुतार जॉब हॅस्किन्स." तेच.

"केझाया फर्निस."

पेटीतून घोंगावणारा आवाज उसळला. कुंपणावरची पोरं धडाधड खाली पडली. डिबलबाईनं खुर्ची सोडली. प्रोफेसर तळहात तसाच ठेवून मान खाली घालून बसले, जणू त्यांनाही हे ऐकवत नव्हतं. पण नाव घेताना त्यांचा उजवा कोपर बरगडीला घट्ट दाबला गेला, तो मी पाहिला. मग वाऱ्याची झुळूक आली आणि चक्कर आलेल्या बायकांच्या नाकाशी धरतात त्या औषधाचा उग्र वास आला. बागेत कुणालाच चक्कर आलेली नव्हती.

केझाया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थ्रपांच्या घरी ती कामाला होती, येऊन वर्षही झालं नव्हतं. सगळं गाव तिच्याकडे वळलं तेव्हा तिनं हात पुसायला एप्रन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संशयास्पद मरणांचा तपास करणारे सरकारी कोरोनर साहेब पंचांसमोर चौकशी करणार होते, आणि ते सगळे पंच आत्ता या बागेत तोंड उघडं टाकून उभे होते. त्यांनी केझायाचं नाव घेतलं की ती जिल्ह्याच्या तुरुंगात जाणार, आणि तिथून फासावर.

शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. मागच्या बाकावर बसली.

"बाई, मला लटकवतील का?"

"तुझ्याविरुद्ध काय आहे त्यांच्याकडे?"

"माश्या आहेत की." ती हसली, पण ते हसू मला बघवेना. "मी ब्रिस्टलच्या गोदीत वाढले, बाई. तिथं मध बाटलीतून येतो. रविवारी सकाळी मला वाटलं, पेट्यांवर पाखरं बसू नयेत म्हणून कुणी चिंध्या बांधल्यात. एक सोडायला गेले तर रूबेन अंगावर धावून आला. हात लावू नकोस म्हणाला, घर बुडेल."

"सकाळी? किती सकाळी?"

"अजून चर्चची घंटासुद्धा झाली नव्हती. पुढच्या दाराला कुलूप होतं, किल्ली धन्यांकडे, म्हणून मी मागच्या दारानं ये-जा करत होते. तर हा बागेत उभा."

"प्रेताच्या खिशात किल्ली सापडली नाही, असं पोकॉक म्हणाला."

"मला काय माहीत? मी तर त्यांना इस्त्री केलेला शर्ट देऊन पाठवलं होतं." मग तिनं सांगितलं, "त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. मी हो म्हणणार होते. रूबेनला ते कळलं होतं. एरवी काकांमागून घर आणि बाग त्यालाच मिळायची होती."

मी उठून फळा पुसू लागले. रूबेन माझ्याच शाळेत शिकला. पाढे त्याला कधी चुकले नाहीत. गेल्या नाताळात त्यानंच माझ्या छपराची गळती काढली होती. त्याची बायको जेमिमा पोटुशी होती. मला या गोष्टीत पडायचा मनापासून कंटाळा आला होता, पण मी नाही पडले तर ही मुलगी मरणार होती. मी शाल घेतली आणि पोकॉकच्या घरी गेले.

चौकशी गावातल्या दारूच्या गुत्त्यात झाली, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा नाही. कोरोनर साहेब मार्लटनचे डॉक्टर होते आणि त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

"पंचांचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

"माश्यांनी सांगितलंय ते म्हणणं," सुतार हॅस्किन्स म्हणाला.

"कुणी सांगितलंय?"

"माश्यांनी, साहेब."

कोरोनर साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली. मी उठून म्हणाले, "साहेब, साक्षीदार म्हणतात तर त्यांची उलटतपासणी होऊ द्या. पंचांना बागेत चला म्हणावं."

"बाई, तुम्ही परत सुरू झालात?" डिबलबाई म्हणाली.

"हो गं. मलाही नकोच होतं."

बागेत पुन्हा कालचीच गर्दी झाली. मी प्रोफेसरांना म्हटलं, "कालचंच विचारा. फक्त कोट काढून."

"अशक्य," प्रोफेसर म्हणाले. "कोटाशिवाय माझा आत्मिक प्रवाह खंडित होतो."

"प्रवाह तुमच्यात आहे की कोटात?" कोरोनर साहेबांनी विचारलं. "काढा."

पोकॉकनं मदत केली. ती मदत प्रोफेसरांना फारशी रुचली नाही. बाह्या वर करून ते पेटीपुढे बसले, तळहात दारावर ठेवला, आणि केझायाचं नाव घेतलं. एकदा घेतलं, मग मोठ्यानं घेतलं. माश्या आपल्या कामात होत्या.

"आज त्या शोकात आहेत," ते म्हणाले.

मी थ्रपांचीच जाळीची टोपी डोक्यावर चढवली आणि प्रोफेसरांचा कोट अंगात घातला. काखेत रबरी फुगा शिवलेला होता, अत्तर उडवायला असतो तसा. त्याला नळी होती, ती अस्तराखालून मनगटापर्यंत आली होती. मी तळहात पेटीच्या दारावर ठेवला.

"माश्यांनो, थ्रपांचा खून कोरोनर साहेबांनी केला का?"

कोपर दाबला. पेटी खवळली. साहेब दोन पावलं मागे सरले.

"डिबलबाईनं केला का?" पेटी पुन्हा खवळली. "इजिप्तच्या राजानं?" पुन्हा तेच. एक माशी बाहेर येऊन पोकॉकच्या कानाला डसली. तो बिचारा कान धरून तसाच उभा राहिला.

मी कोट काढला आणि फुगा सगळ्यांना दाखवला. "फुग्यात चक्कर घालवायच्या औषधाचा बोळा आहे. त्याच्या वाफेचा झोत आत गेला की माश्या पिसाळतात. तुमच्या तोंडावर सोडला तर तुम्हीही ओरडाल. तो ज्याचं नाव घेताना सोडला, तो खुनी. एवढीच ती विद्या."

लोक हसले नाहीत. फसवणूक उघड झाली की लोकांना आधी उघड करणाऱ्याचाच राग येतो, हे मला आता पाठ झालंय.

"मी करमणूक करणारा माणूस," प्रोफेसर म्हणाले. "मला यांनी बोलावलं. नावही यांनीच दिलं." त्यांनी रूबेनकडे बोट केलं.

"मला तीच खुनी वाटत होती, बाई," रूबेन शांतपणे म्हणाला. "आजही वाटते. काकांसाठी केलं ते. चुकलो असेन."

गर्दीतून हळहळल्याचा आवाज आला. हॅस्किन्सनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं, प्रोफेसर खोटा," हॅस्किन्स म्हणाला. "पण फितींचं काय? फिती तर तो यायच्या आधीच्या आहेत. कुणाला ठाऊक नसताना माश्यांनी सुतक धरलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही फिती पाहिल्या," मी म्हणाले. "माश्यांना बांधताना पाहिलं का कुणी? माशीला मध करता येतो, मेण करता येतं. तिला गाठ मारता येते का, जॉब?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"गाठ माणसानं मारली. शनिवारी रात्री नाहीतर रविवारी पहाटे मारली. त्या वेळी थ्रप मेलेत हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं."



"मग तीच," डिबलबाई म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. "केझायाच."

"ब्रिस्टलच्या पोरीला हे माहीत असतं? तिनं तर त्या चिंध्या समजून सोडायला घेतल्या होत्या. आणि ज्यानं हे केलं त्यानं घाईत केलं." मी हे वाक्य आदल्या संध्याकाळपासून जुळवत होते, आणि बोलताना मला स्वतःचीच शिसारी आली. "ओढ्याकाठच्या, कुंपणापलीकडच्या पेटीला सांगायचं राहून गेलंय. तिच्यावर फीत नाही. पोकॉक, तूही पाहिलंस ना?"

"नाही फीत, बाई," पोकॉक कान चोळत म्हणाला. ते खरंच होतं. सकाळी मीच ती त्याच्यासमोर सोडून घेतली होती.

मी रूबेनकडे पाहिलं नाही. मी जेमिमाकडे पाहिलं. ती गर्दीच्या कडेला पोटावर हात ठेवून उभी होती. पेटी राहिली तर वर्षाच्या आत घरातलं कोण जातं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. रूबेननं तो पाहिला.

"नाही," तो म्हणाला. "जेमिमा, खोटं आहे ते. ओढ्याकाठच्या पेटीला पहिल्यांदा सांगितलं. तीनदा वाजवून सांगितलं. कुणी काढली असेल फीत, पण बांधली होती. तू घाबरू नकोस."

"कुणी सांगितलं, रूबेन?" मी विचारलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. हॅस्किन्सचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता, तो त्यानं हळूच काढून घेतला. पोकॉक पुढे झाला. रूबेननं स्वतःच खिशात हात घातला आणि थ्रपांच्या पुढच्या दाराची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"न सांगून कसं चाललं असतं, बाई?" तो म्हणाला. "सगळ्या मेल्या असत्या. काकांनी लहानपणापासून वाढवलेल्या त्या."

त्याच काकांच्या डोक्यात त्यानं दगड घातला होता, आणि चुनाभट्टीतून थेट माश्यांना सांगायला आला होता. माणूस मारायची त्याला भीती वाटली नाही. पेटी चुकेल याची वाटली. आम्ही त्याला जे जे शिकवलं त्यातलं नेमकं हे त्यानं मनापासून घेतलं होतं, आणि मला त्याचं इतकं वाईट वाटलं की मी तिथंच गवतात बसले. जेमिमाला बायकांनी आत नेलं. ओढ्याकाठच्या पेटीवरची फीत माझ्या खिशात होती. ती मी कुणासमोर आणि कशी काढली ते सगळं कोरोनर साहेबांना सांगितलं. त्यांची गाडी चुकली होती.

पंचांनी रूबेनचं नाव लिहून दिलं. केझायाची कुणी माफी मागितली नाही. डिबलबाईनं तिला अर्धा पाव फुकट दिला, तो तिनं घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत गावात नवी गोष्ट तयार झाली होती. मी दुकानात चहाची पत्ती घ्यायला गेले तेव्हा डिबलबाईनंच ती मला ऐकवली. "काही म्हणा बाई, शेवटी माश्यांनीच खुनी धरून दिला. प्रोफेसर लबाड होता, पण माश्या खऱ्या."

"माश्यांनी काही केलं नाही गं."

"तुम्हाला नाही पटायचं. शिकलेल्या तुम्ही."

मी पत्ती घेऊन घरी आले.

केझाया दोन दिवसांनी गेली. मालवाहू गाडीची वाट बघत ती माझ्या अंगणात तिच्या पेटाऱ्यावर बसली होती. पेटाऱ्याची दोरी तिनं पुन्हा आवळली. मग म्हणाली, "बाई, एक सांगाल? तो माश्यांना घाबरणारा नसता, तर मी वाचले असते का?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण तिनं सरळ विचारलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "फुगा सापडला असता. पण पंचांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. त्यांचं आधीच ठरलं होतं."

"म्हणजे मी नशिबानं वाचले."

"हो. आणि मला त्याचीच लाज वाटते."

ती उठली, माझा हात धरला, आणि गाडी आल्यावर चढून बसली. मागे वळून तिनं गावाकडे पाहिलं नाही.

हे मी लिहून ठेवतेय ते माझ्या हुशारीचं कौतुक व्हावं म्हणून नाही. मी एक अंधश्रद्धा वापरून खुनी पकडला, यात मिरवण्यासारखं काही नाही. पुढचा खुनी रूबेनसारखा भाबडा असेलच असं नाही. तो कशालाच न घाबरणारा असेल, फिती बांधणार नाही, चमत्कार मात्र करवून घेईल, आणि पंचांच्या खुर्चीवर तुम्ही बसलेले असाल. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. समोर कितीही मोठं अद्भुत घडो, उठून जवळ जा. कोट काढायला लावा. गाठ दिसली तर ती कुणाच्या हातानं मारली ते विचारा. लोक रागावतील, महिनाभर बोलणार नाहीत, ते सोसा. तुम्ही विचारलं नाहीत तर कुठल्यातरी दारात एप्रन हातात धरून उभ्या असलेल्या मुलीला त्या गाठीनंच फास लागेल.